सासूबाईंचे पाय

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना आडपडदा नको. मला माझ्या सासूबाईंच्या पायांचा हेवा वाटतो. काही विशेष पाय नाहीत ते. शहात्तर वर्षांचे, टाचांना भेगा पडलेले, डाव्या पोटरीवर निळ्या शिरा वर आलेले पाय. पण चालतात. माझे अकरा वर्षांपूर्वी थांबले. स्कूटरवर मागे बसले होते, खड्डा आला, आम्ही दोघंही पडलो. नवरा उठून उभा राहिला, मी नाही. तेव्हापासून कंबरेखाली सगळं जागच्या जागी आहे, फक्त मला त्याची खबर नसते.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दवाखान्यातून मी परत आले ती थेट विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये, कारण इथे लिफ्ट आहे. सासूबाईंना ते अजून मान्य नाही. विश्रांतवाडीची मेथी मेथीसारखी लागत नाही असं म्हणून त्या आठवड्यातून दोनदा बसने कसब्यात जातात, जुन्या ओळखीच्या बाईकडून भाजी घेतात, दोन-तीन घरी चहा पितात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत येतात. मी दार उघडते आणि विचारते, "दमलात?" त्या म्हणतात, "दमायला काय झालंय?" त्यांच्या मनात काही नसतं. तरी मला ते लागतं.

माझी मुलगी लंडनला असते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आता मुली येत नाहीत, माहेरच उठून त्यांच्याकडे जातं. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका कुठल्या ना कुठल्या देशात जाऊन बाळंतपण करून आल्यात. डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा बॅगेत कुठे ठेवायचे यावर त्या तासभर बोलू शकतात. मी सगळं ऐकून घेतलं, यादी केली, व्हिसा काढला. आणि बाळ तीन आठवडे आधीच आलं. मुलगा झाला.

मुलीचा फोन आला. आवाज दमलेला, पण खुशीत. म्हणाली, "आई, तू आणि आजी लवकर या गं. आणि आजीला सांग, बाळाला अंघोळ तिनेच घालायची. इथली नर्स टबात बुडवून दाखवते ते मला नाही आवडत. मला ते आपलं पायांवरचं हवंय."

पायांवरचं म्हणजे काय, ते ज्या घरात मूल वाढलंय तिथे सांगावं लागत नाही. बाईने पाय लांब पसरून बसायचं. दोन नडग्यांच्या मध्ये जी खोबण होते तिच्यात बाळाला पालथं घालायचं, तेल लावून रगडायचं, मग उताणं करायचं, आणि ऊन ऊन पाणी ओतायचं. बाळ आधी टाहो फोडतं, मग पाणी पडलं की गप्प होतं आणि नंतर तीन तास झोपतं. ह्या मुलीलाही मी असंच न्हाऊ घातलं होतं. सासूबाई शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या, तोंड त्यांचं अखंड चालू होतं, पण पाय माझे होते. आणि आता तिला आजीचे हवे होते.

"सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय म्हणते?" मी म्हटलं, "या म्हणते." एवढंच सांगितलं. क्षुद्रपणा म्हणा हवं तर. पण मग मी तिथे जाऊन काय करायचं होतं? खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या? बाळंतपणाला आईला आई म्हणून बोलावतात की प्रेक्षक म्हणून? त्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवलं. नातवाला न्हाऊ मी घालणार. माझ्या पायांवर. कसं, ते मला माहीत नव्हतं, पण घालणार. कुणाला बोलले नाही.

तिकिटं बिझनेस क्लासची होती. मला सलग दहा तास बसवत नाही. बसले तर खाली जखम होते आणि ती भरून यायला तीन-तीन महिने लागतात. मधेमधे आडवं व्हावंच लागतं, म्हणून जावयाने ऑफिसच्या प्रवासांत साठवलेले सगळे पॉइंट्स घालून ही तिकिटं काढली. माझ्यासारखीला सोबत कोणी तरी हवं असं विमान कंपनीचं म्हणणं, म्हणून शेजारची सीट सासूबाईंना. नवरा महिन्याभराने येणार होता. सोसायटीत बातमी पसरली तशी एकेक बाई येऊन सांगायला लागली, "तुझं बरं आहे बाई, झोपून जाणार लंडनला!" मी म्हटलं, "हो ना, अकरा वर्षं त्याचीच तर प्रॅक्टिस करतेय." मग त्या फारशा थांबल्या नाहीत.

आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. पण लंडनला जायचं म्हणून आम्ही पहाटे उठून चार तास टॅक्सीने मुंबईला गेलो. नवरा विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला आला. आत शिरलो आणि मला कळलं की मुलीने आजीसाठीही व्हीलचेअर मागून ठेवली आहे.

बाहेर राहणारी सगळीच मुलं असं करतात म्हणे. आईवडिलांना गेट सापडत नाही, इंग्रजीत उत्तरं देता येत नाहीत, रांगेत उभं राहवत नाही. व्हीलचेअर मागितली की ढकलायला एक माणूस मिळतो आणि तो रांगा चुकवून थेट विमानाच्या दारापर्यंत पोचवतो. एका भिंतीलगत अशा खुर्च्यांची ओळच होती. कुणी शेंगदाणे खात होतं, कुणी मधेच उठून पाण्याची बाटली भरून आणत होतं आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसत होतं. मी माझ्या खुर्चीत बसून ते बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. तळपायाचं माहीत नाही, पण मस्तकात गेली.

सासूबाई आधी नको नको म्हणाल्या. "धडधाकट बाई खुर्चीत बसलेली बघून लोक काय म्हणतील?" मग बसल्या. मांडीवर पर्स ठेवली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि दोन मिनिटांत अशा रुळल्या की जणू जन्मभर याच वाहनाने हिंडत होत्या. "अगं, छान आहे की हे," मला म्हणाल्या. "पाठीला आधार चांगला आहे."  मी उत्तर दिलं असतं तर वाईट दिलं असतं.

काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंना विचारलं, "या चालू शकतात का?" या म्हणजे मी. समोर बसले होते. मी म्हटलं, "मला बोलता येतं. चालता येत नाही." ती ओशाळली. पुढे तपासणीपाशी पोलीस बाईने सासूबाईंना विचारलं, "आजी, उभं राहता येईल?" आणि आजी टुणकन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरले, तपासणी झाली, पुन्हा बसल्या. कुणाला काहीही वाटलं नाही. मला मात्र पडद्यामागे नेलं, खुर्चीची उशी काढून बघितली, चाकं एका कागदाने पुसून तो कागद मशीनमध्ये घातला. माझीच खुर्ची खरी होती आणि तपासली गेली तीही माझीच.

माझी खुर्ची ढकलणारे गृहस्थ पन्नाशीचे, साताऱ्याकडचे होते. म्हणाले, "ताई, रोजचंच हाय हे. तिकडं विमान उतरलं की ह्यातले कितीतरी जण तरातरा चालत जात्यात. पण तुमची खुर्ची खरी हाय, लगीच कळतं."

"कशावरून?"

"तुम्ही माणसांकडं बघत न्हाई. फरशीचा उंचवटा कुठं हाय ते बघता."

विमानाच्या दाराशी माझी खुर्ची काढून घेतली. ती सामानात जाते, कुठे जाते ते दिसत नाही. मग आली ती अरुंद खुर्ची, विमानाच्या वाटेतून जाते ती. तिच्यावर बसवून छातीला, कंबरेला, पायांना पट्टे आवळतात. दोन जण पुढून-मागून धरतात आणि सगळ्यांच्या देखत आत नेतात. लोक लगेच खिडकीबाहेर बघायला लागतात.

आणि बिझनेस क्लासची गंमत अशी की तिथे बसणं आणखी अवघड. साध्या वर्गात हाताची दांडी वर होते, सरकून सीटवर जाता येतं. इथे मोठ्या लोकांना शेजारी दिसायला नको असतो, म्हणून दोन्ही बाजूंना भिंती. त्या भिंतीवरून मला उचलून आत ठेवलं. एकाने बगलेत धरलं, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. "एक, दोन, तीन" असं म्हणून. सासूबाई तोवर स्वतःच्या पायांनी आत येऊन, हवाईसुंदरीला नमस्कार करून, हातात मोसंबीचा रस घेऊन उभ्या होत्या. "सांभाळून हो, पाठ जपा तिची," त्यांना सांगत होत्या. काळजीनेच सांगत होत्या. मला त्या रसाच्या ग्लासासकट त्यांचा राग आला.

आम्ही मधल्या दोन सीटवर होतो, दोघींच्या मध्ये खाली सरकणारी एक छोटी भिंत. माझ्या हाताशी बटणं होती. एक दाबलं की पाठ मागे जाते, दुसरं दाबलं की खालून एक पट्टी येऊन पाय वर उचलते. मी ते दुसरं दाबलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ‘वर’ म्हटलं आणि माझे पाय वर आले. मग खाली, परत वर. पाच-सहा वेळा केलं. सासूबाई म्हणाल्या, "बिघडेल गं." मी आणखी एकदा केलं.

आकाशात गेल्यावर खाण्यापिण्याचं सुरू झालं. मी आदल्या रात्रीपासून पाणी तोडलं होतं. माझ्या पोटरीला लघवीची पिशवी बांधलेली असते. ती भरली की संडासात जाऊन रिकामी करायची, आणि विमानातल्या संडासात मला नेणं म्हणजे पुन्हा ती अरुंद खुर्ची, पुन्हा पट्टे, पुन्हा वरात. त्यापेक्षा तहान बरी. सासूबाईंनी रस घेतला, सूप घेतलं, दोनदा चहा घेतला, आणि तितक्याच वेळा संडासात जाऊन आल्या. दर वेळी येऊन मला अहवाल. "अगं, तिथे हाताला लावायला क्रीम ठेवलंय. वास बघ." मी वास बघितला. छान होता. जळफळाट झाला माझा.

सासूबाईंच्या पलीकडे, वाटेच्या त्या बाजूला, एक तरुण मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती. नवऱ्याकडे चालली होती. मूळची अमरावतीची, नोकरीसाठी हडपसरला राहायची. बाळंतपण करायला आलेली तिची आई गेल्या आठवड्यात गावी परत गेली होती आणि मुलीचे डोळे रात्र-रात्र जागून आत गेले होते. बाळ रडायला लागलं ते थांबेना. तिने पाजलं, खांद्यावर घेतलं, उभी राहून हलवलं. आजूबाजूचे लोक कानांत ते बोळे घालून तिच्याकडे बघत होते. ती रडकुंडीला आली. "सॉरी आजी, आय डोन्ट नो, आज एवढं का करतोय तो."

"सॉरी कसलं म्हणतेस? आण इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सीट आडवी केली, पाय लांब पसरले, साडी गुडघ्यांपर्यंत सारखी केली आणि बाळाला घेतलं. "आधी हे काढ," म्हणून त्याचं डायपर सोडलं. "जरा वारा लागू दे बिचाऱ्याला. दिवसभर काय ते गाठोडं बांधून ठेवता." बाळाला दोन नडग्यांच्या मध्ये पालथं घातलं आणि कोरड्याच हातांनी पाठीवरून, कंबरेवरून, मांड्यांवरून अंगठे फिरवायला लागल्या. पाय हलकेच मागे-पुढे, मागे-पुढे. बाळाने दोन हुंदके दिले, मोठा वायू सोडला आणि गप्प झालं. पाच मिनिटांत डोळे मिटले. त्याची आई तर त्याच्याही आधी झोपली, तोंड उघडं टाकून. हवाईसुंदरी वाकून बघून गेली. पुढच्या सीटवरचा एक गोरा गृहस्थ उठून कौतुकाने हसला. सासूबाई राणीसारख्या बसल्या होत्या आणि त्यांचे ते भेगाळलेले पाय सगळ्यांनी बघितले होते.

मला काय झालं सांगू? जळले मी. खोटं कशाला बोलू. ते बाळ माझं कुणी नव्हतं, पण ते पाय, ती खोबण, ते डोलणं, हे सगळं माझं होतं आणि त्या बाईने माझ्या शेजारी बसून, माझ्यामुळे मिळालेल्या सीटवर बसून ते मांडलं होतं. मी म्हणाले, "अहो आई, विमानात दुकान थाटू नका."

त्यांनी मान वळवली. "का? तुझं काय जातंय?"

"काही नाही. फक्त एक सांगून ठेवते. तिथे गेल्यावर बाळाला न्हाऊ मी घालणार. माझ्या पायांवर."

म्हणाले एकदाची. इतके दिवस मनात ठेवलं होतं ते असं भांडणात निघालं. सासूबाईंचे अंगठे थांबले नाहीत. त्या क्षणभर माझ्या पायांकडे बघत राहिल्या. त्या पट्टीवर ते पसरून पडले होते, मोज्यांत, काठीएवढे बारीक.

"पाणी किती गरम आहे ते तुला कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "पोर भाजेल."

बस. आवाजही चढवला नाही. आणि खरं होतं ते. दोन वर्षांपूर्वी गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवून मी मालिका बघत बसले होते आणि मांडीवर फोड आला तेव्हा तो मला त्यांनीच दाखवला होता.  मी मधली भिंत वर केली. तिथे भांडून उठून जाता येत नाही, माझ्यासारखीला तर नाहीच, भिंत वर करणं एवढंच हातात होतं. मग मी रडले. आवाज न करता, पांघरुणात तोंड घालून. नातू माझा, मुलगी माझी, आणि माझ्या वाट्याला नुसतं बघणं. ह्या बाईला सगळं मिळतं, असं मला वाटलं. शहात्तराव्या वर्षी सगळं मिळतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या बाजूच्या वाटेत कोणी तरी उभं राहिलं. बघते तर सासूबाई, दोन्ही हातांवर झोपलेलं बाळ.

"पाय वर घे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते बटण दाब. पाय सरळ कर. माझे थरथरायला लागलेत. पोर घसरेल एखादे वेळी. त्याची आई झोपलीय, उठवू नकोस. मी जरा फिरून येते."

मी बटण दाबलं. पाय वर आले, सरळ झाले. त्यांनी ते दोन्ही हातांनी जवळ आणले, गुडघ्यांखाली उशी सारली आणि बाळाला माझ्या नडग्यांमध्ये पालथं ठेवलं. आणि गेल्या.

मला काही कळलं नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. सहा-सात किलोंचं मूल माझ्या पायांवर होतं आणि डोळे मिटले असते तर ते तिथे नव्हतं. म्हणून मी डोळे मिटले नाहीत. एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा त्याच्या पायाशी. माझ्या पायांना कधी कधी झटका येतो, आपोआप, न सांगता. तो येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नमस्कार करत होते. आला नाही. बाळाची पाठ वर-खाली होत होती. माझे अंगठे आपसूक फिरायला लागले, कंबरेवरून वर, खांद्यांपाशी बाहेर. सव्वीस वर्षांनी. बाळ सुस्कारलं. मला वाटलं, हे विमान असंच चालू दे, लंडनबिंडन नको.

सासूबाई वीसेक मिनिटांनी आल्या. आल्या आणि थबकल्या. "अगं, ओलं झालंय."

मी बघितलं. माझ्या सलवारीवर, नडगीपासून खाली, हाताएवढा ओला डाग. पट्टीवरही उतरला होता.  पिशवी. फुटली असणार, नाही तर नळी निसटली. बिझनेस क्लासमध्ये, सगळ्यांच्या मध्ये, परक्याच्या बाळाखाली. "आई, पिशवी," मी म्हणाले. 

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, पांघरूण आडवं धरलं, हात आत घालून माझी पोटरी चाचपली. पिशवी, नळी, चिमटा, सगळं. अकरा वर्षं त्या ते करताहेत. मग हात बाहेर काढला, बाळाला एका बाजूने उचलून खालून बघितलं आणि फिस्सकन हसल्या.

"तुझं नव्हे. ह्याचं आहे."

मीही हसले. हसता हसता मला श्वास पुरेना. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात घालावा लागला. ती अमरावतीची मुलगी दचकून उठली, "ओ माय गॉड, आँटी, सॉरी, सॉरी" करायला लागली. सासूबाईंनी तिला ओरडून पुन्हा झोपायला लावलं. टिशूपेपरने माझे पाय पुसले. पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या, "पाणी मी बघत जाईन. कोपर बुडवून. तू पाय पसर. माझ्या पायांचा आता भरवसा नाही."

"खरंच थरथरतात?"

"मग काय खोटं सांगतेय?"

मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. कुठे तरी तेही पाय थकले, माझ्या ओळीत येऊन बसले, असं वाटलं. मी हवाईसुंदरीकडे पाणी मागितलं आणि पेला भरून प्यायले.

लंडनला सगळे उतरून गेले तरी माझी खुर्ची वर आली नाही. रिकाम्या विमानात मी पाऊण तास बसून होते. सासूबाईंसाठी आणलेली खुर्ची दाराशी होती, तीत त्या बसल्या नाहीत. "हिची येऊ दे," म्हणून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पाऊण तास. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी माझ्याच आनंदात होते.

घरी मुलीने आधी आजीच्या गळ्यात हात टाकले, मग वाकून माझ्या. जेवताना म्हणाली, "आजी, मग उद्या सकाळी अंघोळ ना?"

"माझे पाय थरथरतात," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या पायांवर घालायची. पाणी मी देईन."

मुलीने माझ्या पायांकडे बघितलं, मग आजीकडे. काही तरी विचारणार होती. आजीने तिच्या पानात भात वाढला.

सकाळी जावयाने मला उचलून त्यांच्या त्या लांब टबात बसवलं, पाठीला आधार दिला आणि लाजून बाहेर गेला. कोरड्या टबात माझे पाय छान लांब राहिले. सासूबाई साडीचा काचा मारून नळाकडच्या टोकाला, माझ्या पावलांशी, उकिडव्या बसल्या. शेजारी बादली, तांब्या. मुलीने बाळ आणलं. तेवीस दिवसांचा तो लालबुंद जीव माझ्या पायांच्या खोबणीत ठेवला आणि मी तेल घेतलं.

पाठ झाली, पोट झालं, हात-पाय झाले. बाळाने घर डोक्यावर घेतलं होतं. चांगला अर्धा तास गेला. तो सगळा वेळ सासूबाई समोर उकिडव्या बसलेल्या. टाचा टेकलेल्या, गुडघे दुमडलेले, हात मोकळे, त्यातच पुढे वाकून तेलाची वाटी सरकवायच्या, मागे वळून गरम-गार पाणी मिसळायच्या. माझी नजर त्यांच्या पोटऱ्यांवर गेली. निळ्या शिरांसकट दगडासारख्या स्थिर होत्या. तसूभर हलत नव्हत्या.

"अहो आई," मी म्हणाले, "तुमचे पाय थरथरतात म्हणाला होतात."

"विमानात थरथरतात," त्या म्हणाल्या. "मान धर नीट त्याची."

त्यांनी कोपर बादलीत बुडवलं, तांब्या भरला आणि माझ्या पायांवरून, बाळाच्या अंगावरून पाणी सोडलं. मी आभार मानायला हवे होते. पण मला त्यांचा पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला. पाय धड असताना ते नाहीत म्हणून सांगायला जे लागतं, ते माझ्याकडे पाय होते तेव्हाही नव्हतं.

बाळ रडायचं थांबलं. मूठ उघडली, डोळे मोठे केले आणि ओठ चाटले. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, पाणी चांगलं कोमट होतं.